खिल, क्षेपक आणि त्रयस्थ : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पुरवणी-ग्रंथांची पारख

मूळ ग्रंथाला मागाहून कोणी जोड दिली, तर त्या जोडीला काय म्हणावे यासाठी भारतीय ग्रंथपरंपरेत शब्दांची वाण नाही. परिशिष्ट, पुरवणी, भाष्य, क्षेपक, खिल या प्रत्येक शब्दात जोडणाऱ्याच्या अधिकाराविषयीचा एकेक निर्णय दडलेला आहे. ‘क्षेपक’ म्हटले की जोड अनधिकृत ठरते आणि ती हुडकून तळटीपेत घालणे हे संपादकाचे कर्तव्य होऊन बसते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने हे कर्तव्य किती विस्ताराने पार पाडले, ते सर्वश्रुत आहे. ‘खिल’ म्हटले की मात्र जोड बाहेरची आहे हे मान्य करूनही तिला मूळ ग्रंथाशेजारी आसन मिळते. हरिवंश हे महाभारताचे खिल मानले जाते ते याच अर्थाने. तिसरी भूमिका एकनाथांची. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केल्यावर, तिच्यात कोणी स्वतःची ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे होईल, असे त्यांनी बजावून ठेवले. पुढे जोड नकोच, ही ती भूमिका.

या तिन्ही भूमिका विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका अगदी वेगळ्या ठिकाणी पुन्हा उभ्या राहिल्या. अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा येथील टीएसआर या छोट्या संस्थेने १९७४ मध्ये बाजारात आणला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, एवढेच त्याचे मूळ रूप. या खेळाला ठरावीक पट नाही आणि नेहमीच्या अर्थाने हारजीतही नाही. चारसहा माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळणारे आपापले पात्र काय करते ते बोलून दाखवतात आणि जेथे फल अनिश्चित आहे तेथे फासे टाकून निर्णय होतो. गोष्ट कोणत्या दिशेला जाणार हे सूत्रधारासह कोणालाच आधी ठाऊक नसते. नियमांचे पुस्तक म्हणजे ही गोष्ट नव्हे. गोष्ट घडावी यासाठीची ती पूर्वतयारी होय.

अशा खेळाची मूळ संहिता अपुरी असणे हा तिचा दोष म्हणता येत नाही, ती तिची रीत आहे. १९७४ च्या तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी लेखकांनी वाचकाला, उरलेली कल्पना तुमची तुम्हीच करा, अशा अर्थाचे आवाहन केले होते. काही वर्षांतच सूर पालटला. खेळाची ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्ती १९७७ पासून येऊ लागली आणि गायगॅक्स सर्वत्र एकसारख्या नियमांचा आग्रह धरू लागले. आपल्या मर्जीने नियम बदलणारा हा खेळ खेळतच नाही, इथपर्यंत तो आग्रह गेला. खुले आमंत्रण देणारा ग्रंथकार आणि नरोटीचा इशारा देणारा संपादक येथे एकाच व्यक्तीत, पाच-सहा वर्षांच्या अंतराने भेटतात.

दरम्यान बाहेरच्यांनी लिहायला सुरुवात केलेलीच होती. १९७६ मध्ये ‘पॅलेस ऑफ द व्हँपायर क्वीन’ ही मोहीम-पुस्तिका वी वॉरियर्स या संस्थेने काढली. नकाशे आणि दालनवार याद्या यांपलीकडे तिच्यात फारसे काही नव्हते. त्याच वर्षी इलिनॉय राज्यातील डिकेटर येथे बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन यांनी जजेस गिल्ड स्थापन केले आणि ‘सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड’ हे एका अख्ख्या शहराचे वर्णन प्रसिद्ध केले. मूळ प्रकाशकांची समजूत अशी होती, की आपापले जग प्रत्येक जण स्वतःच रचील, तयार जग विकत कोण घेणार? जजेस गिल्डच्या खपाने ती खोटी ठरली. अशा बाहेरच्या प्रकाशकांना इंग्रजीत ‘थर्ड-पार्टी’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘त्रयस्थ’ हा शब्द सहज सुचतो, परंतु तो तटस्थतेची छटा घेऊन येतो आणि ती येथे लागू पडत नाही. हे त्रयस्थ मूळ खेळाचे निस्सीम भोक्ते होते. बहुतेकांची तक्रार एवढीच होती की मालकाला आपल्या घरातील खोल्या किती आहेत हे माहीत नाही.

आज या पुरवणी-ग्रंथांची संख्या मूळ ग्रंथांच्या कित्येक पटींनी अधिक आहे आणि त्यांतील बहुसंख्य टाकाऊ आहेत. तेव्हा चांगली पुरवणी कशी शोधावी हा प्रश्न खेळणाऱ्यांपुढे आहेच, पण तो साहित्यसमीक्षेचाही आहे. ज्या लेखनाची सिद्धी वाचनात होत नाही, ज्याचा खरा उपयोग लेखकाच्या गैरहजेरीत आणि बहुधा त्याच्या हेतूविरुद्ध होतो, त्याची पारख कोणत्या निकषांवर करायची?

पहिला आणि सर्वांत सोपा निकष शिक्क्याचा : मूळ प्रकाशकाची अनुज्ञा असलेले ते चांगले. या निकषाचा फोलपणा दाखवायला अनुज्ञापत्रांचा इतिहास पुरेसा आहे. जजेस गिल्डकडे टीएसआरची अनुज्ञा होती. तिच्या आधारे त्या संस्थेने उत्तम, सामान्य आणि केविलवाणी अशी सर्व प्रकारची पुस्तके सारख्याच उत्साहाने छापली. मेफेअर गेम्सने १९८२ पासून अनुज्ञेविना ‘रोल एड्स’ ही माला काढली, त्यावरून १९८४ मध्ये करार झाला आणि पुढे प्रकरण न्यायालयात गेले. १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने टीएसआर विकत घेतली आणि २००० साली खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर ‘ओपन गेम लायसन्स’ हे मुक्त अनुज्ञापत्र आले. रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने आलेल्या या दस्तऐवजाने खेळाचा नियमभाग कोणालाही वापरण्यास मोकळा केला. त्यावर आधारलेला नियमभाग पुढच्यांसाठी तसाच मोकळा ठेवण्याची अट घातली. मात्र नावे, पात्रे, कथा यांना ‘प्रॉडक्ट आयडेंटिटी’ म्हणून कुंपण घातले. वाङ्मयीन दृष्टीने पाहता हा विभाग विलक्षण आहे. व्याकरण सर्वांचे आणि शब्दसंग्रह मालकाचा, असे एखाद्या भाषेबद्दल ठरवावे तसा तो प्रकार झाला.

परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. जे मोकळे होते त्याचाच पूर आला. २००० ते २००३ या काळात निघालेल्या पुस्तकांपैकी फार मोठा वाटा नियमांत नियम जोडणाऱ्या पुस्तकांचा होता : नवे पात्रवर्ग, नवी कौशल्ये, नवे मंत्र, नवी शस्त्रे. क्षेपकाचे अभ्यासक ज्याला ओळखतात तेच लक्षण येथे दिसते. वृत्त बरोबर जमते, भाषाही मिळतीजुळती असते, परंतु ओवी काढून टाकली तर आधीच्या आणि नंतरच्या ओवीला काहीच होत नाही. शंभर नवे मंत्र देणाऱ्या पुस्तकातील पन्नास मंत्र वगळले तर उरलेल्या पन्नासांना त्याचा पत्ताही लागत नाही. २००३ मध्ये मूळ नियमांची सुधारित आवृत्ती निघाली आणि ही पुस्तके दुकानांत पडून राहिली. अनेक छोटे प्रकाशक त्यात बुडाले. शिक्का होता, अनुज्ञा होती, गुण नव्हता. उलट त्याच पुरात ग्रीन रोनिनची ‘डेथ इन फ्रीपोर्ट’ ही क्रिस प्रामास यांची छोटी मोहीमही आली. चाच्यांचे एक शहर, आणि त्यात बेपत्ता झालेला एक ग्रंथपाल शोधायचा, एवढेच तिचे सूत्र. ग्रंथपाल हरवणे हा गुन्हा मानणारे शहर चाच्यांचे असावे, यातील विनोद प्रामास यांनी बोलून दाखवलेला नाही. पण शहराला चव येते ती त्यातूनच.

यानंतरच्या घडामोडी थोडक्यात सांगता येतील. २००८ च्या चौथ्या आवृत्तीसाठी अनुज्ञा आवळली गेली, तेव्हा पैझो या प्रकाशकाने जुन्या मुक्त अनुज्ञेवरच २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ हा स्वतंत्र खेळ उभा केला. २०१६ मध्ये पाचव्या आवृत्तीचे नियम पुन्हा मोकळे झाले. त्याच वर्षी ‘डीएम्स गिल्ड’ ही विक्रीची जागा निघाली. तेथे कुंपणातील नावेही वापरता येतात, पण किमतीचा निम्माच भाग लेखकाला मिळतो आणि ते लेखन अन्यत्र छापता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये जुनी अनुज्ञा रद्दबातल ठरवू पाहणारा नवा मसुदा फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरांवर विक्री असणाऱ्यांकडून स्वामित्वधन घेण्याचे कलम त्यात होते. गदारोळ झाला आणि २७ जानेवारी रोजी कंपनीने पाचव्या आवृत्तीचा नियमसार ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या श्रेयनिर्देश-अनुज्ञेखाली कायमचा खुला केला. अर्थात, कोणी लिहावे हा प्रश्न तेथे बराचसा सुटला. काय लिहावे याला त्याने स्पर्श केला नाही.

दुसरा निकष वाचनीयतेचा. तो अधिक फसवा आहे, कारण साहित्याच्या अभ्यासकाला तो जवळचा वाटतो. अशा पुस्तकांचे कित्येक ग्राहक ती खेळण्यासाठी नव्हे तर वाचण्यासाठी घेतात. २००१ पासून दिले जाणारे ‘एनी’ पुरस्कार परीक्षकांच्या निवडीवर आणि नंतर लोकांच्या मतांवर ठरतात. छपाई, चित्रे, मांडणी यांची पारख तेथे बरी होते, परंतु मत देणाऱ्याने पुस्तक टेबलावर वापरून पाहिले असेलच असे नाही. समीक्षकांचीही हीच गत. परिणामी एक विशिष्ट शैली बोकाळली आहे : दीर्घ पूर्वेतिहास, राजघराण्यांच्या वंशावळी, आणि दालनात शिरताच सूत्रधाराने मोठ्याने वाचून दाखवायचा चौकटीतला मजकूर. हा चौकटीतला मजकूर म्हणजे या वाङ्मयप्रकाराचा सर्वांत दुबळा अवयव. त्यात विशेषणे दाटीने येतात, खेळणाऱ्यांना काय वाटले हेही लेखकच सांगून टाकतो, आणि तो वाचला जात असताना टेबलावरची माणसे फासे चाळत बसतात.

या ठिकाणी कोकणातील दशावतारी नाटकाची तुलना उपयोगी पडते. तेथे लिखित संहिता नसते. प्रयोगाआधी आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात आणि संवाद रंगमंचावर उत्स्फूर्तपणे घडतात. मंडळीला आधी कळावे लागते ते एवढेच : कोण कोणाचे काय लागते, कोणाला काय हवे आहे, आणि कोणत्या दोन पात्रांची गाठ पडली की ठिणगी उडेल. पल्लेदार भाषणे लिहून दिली तर चांगला नट ती बाजूला ठेवील. हे साम्य ओढूनताणून फार पुढे नेऊ नये. दशावतारी नटाला आख्यानाचा शेवट ठाऊक असतो, या खेळात तो ठाऊक नसतो. तरीही तिसरा निकष येथून हाती लागतो. पुरवणीचे मोल तिने किती सांगितले यावर ठरत नाही. इतरांच्या हाती संबंधांचे कसे जाळे दिले, यावर ठरते.

हा निकष जेथे कसाला लावून पाहावा असा ग्रंथ म्हणजे जेनेल जॅक्वेज यांचा ‘द कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’. जजेस गिल्डने तो १९७९ मध्ये काढला. छपाई दाटीची, कागद हलका, गद्य रूक्ष. वाचनीयतेच्या निकषावर तो पहिल्या पानातच नापास होईल. एका जंगलातील उद्ध्वस्त वास्तू आणि तिच्याखाली मजल्यामजल्यांनी उतरत गेलेली भुयारे, असे त्याचे रूप आहे. पण वरून खाली जाण्याचा मार्ग एक नाही. उघडे जिने आहेत, चोरवाटा आहेत, मधला मजला टाळून थेट खोलवर नेणाऱ्या जागा आहेत, आणि वाटा फिरून एकमेकींना मिळतात. बहुतेक मोहिमांतील दालने मण्यांसारखी एका दोऱ्यात ओवलेली असतात. येथे दोरा नाही, विणकाम आहे. त्यामुळे कोणत्या वाटेने जायचे हा खेळणाऱ्यांचा निर्णय खरोखरीचा निर्णय होतो. पळायचे ठरले तर पळायला वाट असते, आणि शत्रूलाही मागून यायला असते.

याहून महत्त्वाचे आहे ते त्या वास्तूत मुरलेले काळाचे थर. सरड्यांसारख्या लोकांची एक प्राचीन संस्कृती, तिच्यावर वसलेली ग्रीक वळणाची मानवी सत्ता, तिचे दास असलेले आणि पुढे उठलेले पशुमानव, मृत्युदेव थॅनॅटॉसचा पंथ : या सर्वांचे अवशेष किंवा वंशज आजही त्या भुयारांत आहेत आणि त्यांचे एकमेकांशी वैर आहे. जॅक्वेज हा इतिहास प्रस्तावनेत सांगून मोकळ्या होत नाहीत. तो भिंतींच्या घडणीतून, कोणाच्या मूर्ती कोणी फोडल्या आहेत यातून, कोण कोणत्या मजल्यावर राहायला घाबरतो यातून उलगडत जातो. खेळणाऱ्यांना तो कळला नाही तरी खेळ अडत नाही. कळला तर मात्र एका गटाला दुसऱ्याविरुद्ध उभे करण्याचे, तह करण्याचे, फसवण्याचे मार्ग मोकळे होतात. वोल्फगांग इझर यांनी वाचनातील ज्या रिकाम्या जागांविषयी लिहिले, त्या वाचक मनातल्या मनात, एकट्याने भरतो. येथील रिकाम्या जागा पाच माणसे मोठ्याने, वाद घालत भरतात आणि चुकीची भरली तरी ती त्या टेबलापुरती खरी ठरते. क्षेपकाच्या कसोटीची उलट बाजूही येथे दिसते. थ्रेशियातील एखादा गट काढून टाकला तर उरलेले सगळे गट हलतात.

जॅक्वेज यांनी पुढे ‘क्वेक’ मालिकेतील संगणकीय खेळांसाठी रणभूमी रचल्या. जानेवारी २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. अनेक वाटांनी विणलेल्या भुयाररचनेला खेळणाऱ्यांच्या परिभाषेत त्यांचेच नाव पडले आहे. एखाद्या रचनातत्त्वाला मूळ ग्रंथकाराऐवजी पुरवणीकाराचे नाव मिळावे, ही गोष्ट खिलाच्या प्रतिष्ठेविषयी पुष्कळ काही सांगते.

थ्रेशियाला संबंधांचे जाळे साधले, पण भाषा साधली नाही. भाषा आणि उपयोग यांचा मेळ घालू पाहणारा ग्रंथ म्हणून पॅट्रिक स्टुअर्ट यांच्या ‘डीप कार्बन ऑब्झर्व्हेटरी’चा (२०१४) विचार करावा लागतो. चित्रे स्क्रॅप प्रिन्सेस यांची आहेत. धरण फुटून पुराने वेढलेल्या गावात मोहिमेची सुरुवात होते. एकाच वेळी अनेक ठिकाणी माणसे संकटात आहेत. एकीकडे धावले की दुसरीकडचा प्रसंग हातून जातो आणि जे टाळले त्याचे परिणाम पुढे भोवतात. सर्वांना वाचवणे शक्य नाही हे कोणी सांगत नाही; ते पहिल्या अर्ध्या तासात टेबलावर आपसूक कळते. पुढे नदीच्या वरच्या अंगाला, आटलेल्या सरोवराकडे प्रवास आहे आणि खेळणाऱ्यांच्या मागावर दुसरी एक टोळी आहे. स्टुअर्ट यांचे गद्य काव्याच्या जवळ जाणारे, कधीकधी स्वतःवर लुब्ध झालेले आहे, आणि पहिल्या आवृत्तीची मांडणी इतकी गोंधळाची होती की ऐन प्रसंगी हवी ती ओळ सापडू नये. नंतरच्या सुधारित आवृत्तीत हा दोष पुष्कळसा गेला. तरीही नैतिक पेच उपदेशातून न मांडता वेळापत्रकातून मांडता येतो, हे या ग्रंथाने दाखवले. असे कादंबरीला सहसा जमत नाही, कारण कादंबरीचा वाचक एकाच वेळी दोन ठिकाणी नसल्याची शिक्षा भोगत नाही.

आतापर्यंतची उदाहरणे युरोप-अमेरिकेच्या कल्पनाविश्वातील आहेत. तौलनिक अभ्यासकाला, आणि विशेषतः भारतातील अभ्यासकाला, पुढचा प्रश्न टाळता येत नाही. या खेळाच्या मूळ ग्रंथांनी आशियाई सामग्री सुरुवातीपासून उचलली. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये राक्षस आहे : वाघाच्या तोंडाचा, उंची वस्त्रे ल्यालेला, धूम्रपान करणारा. धर्मगुरूने मंत्रून दिलेल्या आडव्या धनुष्याच्या बाणाने तो ठार होतो. हे लक्षण ना रामायणातले, ना लोककथेतले. ‘कोल्चॅक’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या १९७४ च्या एका भागात मंत्रलेल्या बाणाने मरणारा, विश्वासातील माणसाचे रूप घेणारा राक्षस दाखवला होता; खेळातील राक्षस त्याचा थेट वंशज आहे. १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये इंद्र, अग्नी, रुद्र यांना प्राणशक्तीचे आकडे देण्यात आले. आकडा दिला की देवाला मारता येते. या खेळाच्या व्याकरणात अस्तित्वाचा तो अटळ परिणाम आहे. १९८५ च्या ‘ओरिएंटल अ‍ॅडव्हेंचर्स’चे तर शीर्षकच बोलके आहे. याला निव्वळ अज्ञान म्हणून सोडून देणे सोपे आहे. खरा मुद्दा रूपाचा आहे. जे काही आत येते त्याला आकड्यांच्या रकान्यात बसवणारी संहिता पाहुण्याचे स्वागत त्याला कापूनच करते.

त्रयस्थांनी यावर काय केले? डेव्हिड मॅक्ग्रोगन यांचा ‘युन-सुइन’ (२०१४) हा ग्रंथ तिबेट, ब्रह्मदेश, बंगालचा उपसागर यांच्या धूसर आठवणींतून एक जग रचतो : पिवळ्या नगरीतील गोगलगायींसारखे मानव, चहा, अफू, शेकडो छोटी राज्ये. पण हे जग तयार स्थितीत मिळत नाही. ग्रंथाचा बहुतांश भाग फाशांच्या सारण्यांचा आहे. सूत्रधाराने फासे टाकून आपले राज्य, आपले व्यापारी, आपल्या टोळ्या आणि त्यांच्यातील हेवेदावे घडवायचे. रूपाच्या दृष्टीने ही उच्च कोटीची कल्पना आहे. दोन टेबलांवरची ‘युन-सुइन’ कधीच सारखी होणार नाही, म्हणजे लेखकाने आपला अधिकार वाटून टाकला आहे. दृष्टीच्या बाबतीत मात्र ग्रंथ द्विधा आहे. अफूचा धूर, सुस्ती, क्षय, रहस्य ही सामग्री जुन्या प्रवासवर्णनांच्या पेटीतूनच काढलेली आहे. सारणीने तिचे संयोग बदलतात, पेटी बदलत नाही. मॅक्ग्रोगन यांना याचे भान असावे असे अनेक जागी वाटते, पण भान असणे म्हणजे पर्याय देणे नव्हे.

मलेशियातील झेडेक स्यू आणि चित्रकार मुनकाओ यांच्या ‘अ थाउजंड थाउजंड आयलंड्स’ या मालेतील पुस्तिका (२०१८ पासून) या पेटीकडे पाठ फिरवतात. आग्नेय आशियातील जीवनाच्या ओळखीच्या पोताने त्या लिहिल्या आहेत : मगरींशी नाते असलेले राज्य, वनातील लाकूडकोरक्यांचे गाव, तेथली मांजरे. त्यांत नियमांचे आकडे नाहीत. कोणत्याही खेळाला त्या जोडता येतात, आणि म्हणूनच कोणत्याही खेळाच्या रकान्यात त्या सहज मावत नाहीत. मगर किती घाव सोसते हे पुस्तिका सांगत नाही. ती कोणाची आजी लागते हे सांगू शकते. नात्याचा उल्लेख आकड्याची जागा घेतो, तेव्हा टेबलावरचा पहिला प्रश्न ‘हिला मारता येईल का’ हा राहत नाही. या संयमाची किंमत सूत्रधार मोजतो. नवख्या सूत्रधाराला या पुस्तिका सुंदर पण निरुपयोगी वाटण्याची शक्यता आहे, आणि तशी तक्रार अगदीच गैर नाही. दोन पात्रांतील ठिणगी काही ठिकाणी वातावरणात विरून जाते. तरीही उसन्या पूर्वेपेक्षा राहती पूर्व वेगळी कशी दिसते हे समजून घेण्यासाठी ‘युन-सुइन’ आणि या पुस्तिका शेजारी ठेवून वाचणे हा आज उपलब्ध असलेला उत्तम तौलनिक धडा आहे.

शोधणाऱ्याला यातून काही वाटा मिळतात. प्रकाशकाच्या नावापेक्षा लेखकाच्या नावामागे जाणे बरे, कारण या क्षेत्रातील प्रकाशनसंस्था चंचल आहेत आणि हात मात्र ओळखू येतात. जाडीवर विश्वास ठेवू नये. बत्तीस पानांत जे जमते ते तीनशे पानांत अनेकदा हरवते. पुस्तक मधूनच उघडावे आणि त्या पानावर दोन जणांमध्ये काही चालू आहे का ते पाहावे. नकाशा असेल तर बोट ठेवून परतीची दुसरी वाट शोधावी. राक्षसगणांची सूचीवजा पुस्तकेही सर्वस्वी त्याज्य नाहीत : वोल्फगांग बाउर यांच्या कोबोल्ड प्रेसचे ‘टोम ऑफ बीस्ट्स’ (२०१६) हे सूचीच आहे, पण त्यातील चांगल्या नोंदींत प्राण्याला सवय आणि शेजार असतो. देरिदांनी पुरवणीविषयी म्हटले होते की ती भर घालते आणि जागाही घेते. येथे तिसरी शक्यता दिसते : चांगली पुरवणी स्वतःची जागाही सोडते, कारण तिला ठाऊक असते की या व्यवहारातील खरा तिसरा पक्ष प्रकाशक नसून टेबल आहे.

भारतीय भाषांच्या दृष्टीने २०२३ च्या निर्णयाला वेगळे महत्त्व आहे. श्रेयनिर्देश केला की त्या नियमसाराचे मराठीत भाषांतर करणे, त्यात भर घालणे, ते विकणे हे सर्व आता विनापरवाना करता येते. असे भाषांतर करू पाहणाऱ्याला प्राणिसूचीत एक नोंद अडवील. इंग्रजीतून आलेला ‘राक्षस’ तेथे आहे, आणि सज्जनाने मंत्रशक्तीच्या टोकदार शस्त्राने वार केला तर त्याला दुप्पट इजा होते, हा दूरचित्रवाणीवरील बाणाचा अवशेषही तेथे आहे. रामायणातला आणि आजीच्या गोष्टीतला राक्षस ज्या वाचकाच्या मनात आधीच आहे, त्याच्यासाठी या प्राण्याला राक्षसच म्हणावे, की ‘व्याघ्रमुख’ असे काही नवे नाव देऊन तो परका असल्याची कबुली द्यावी, की नोंद तशीच ठेवून शेजारी दुसरा राक्षस लिहावा, आणि त्याला आकडा द्यावा की नाते? यांतील तिसरा पर्याय खिलाचा आहे, आणि तो अजून कोणी मराठीत लिहायचा आहे.